किंमत तीच, माप उणे





महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरलेला किराणा पूर्वी तिसाव्या दिवसापर्यंत पुरत असे. आता पंचविसाव्या दिवशीच डबे रिकामे वाजू लागतात. खाणारी माणसे तीच, पाकिटांची संख्या तीच आणि त्यांवर छापलेली किंमतही तीच. घरातील वडीलधारी मंडळी मग उसासा टाकून म्हणतात, "घरातली बरकतच गेली." काही घरांत याहून कडू बोल निघतात. सुनेचा हात सैल आहे, मुले चोरून खातात, कामाला येणारी बाई काही नेते, असे संशय मनात घर करतात. सून शपथेवर सांगते की चहाच्या पुडीत चमचा पूर्वीइतक्याच वेळा जातो. ती खोटे बोलत नसते.

या भांडणाचा निवाडा करायचा असेल, तर रिकामे पाकीट उलटे करून त्यावरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. किंमत पूर्वीचीच असते. निव्वळ वजन मात्र घटलेले असते. पाकिटाची उंची तीच, रंग तोच, चित्र तेच. आतला माल तेवढा कमी. व्यापाराच्या जगात या प्रकाराला श्रिंकफ्लेशन असे नाव पडले आहे. ही भाववाढच आहे, पण बुरखा घेतलेली. ती दुकानाच्या फळ्यावर लिहिली जात नाही आणि दुकानदाराला तोंडाने सांगावीही लागत नाही. गिऱ्हाईक जुन्याच दरात माल घेतल्याच्या समाधानात घरी परततो आणि महिनाअखेरीस घरच्यांवर संशय घेतो.

२०२२ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी फेब्रुवारीत रशिया आणि युक्रेनचे युद्ध पेटले; गहू आणि सूर्यफुलाचे तेल महागले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली. फरसाण, बिस्किटे, साबण या साऱ्यांत लागणारे तेल भडकले. कारखानदारांवर खरोखरच बोजा पडला होता. पण पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत वाढविणे अवघड असते, कारण गिऱ्हाईक हातात नाणे धरूनच दुकानात येतो. म्हणून किंमतीला हात न लावता वजनाला हात लावण्यात आला. त्या काळी वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार भुजियाचे दहा रुपयांचे एक पाकीट ५५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर आले आणि भांडी घासण्याची दहा रुपयांची एक वडी १५५ ग्रॅमवरून १३५ ग्रॅमवर आली.

आता हिशेब करून पाहा. ५५ ग्रॅमला दहा रुपये म्हणजे १०० ग्रॅमला १८ रुपये १८ पैसे. ४२ ग्रॅमला दहा रुपये म्हणजे १०० ग्रॅमला २३ रुपये ८१ पैसे. ही सुमारे ३१ टक्के भाववाढ झाली. दुकानदाराने फळ्यावर "भुजिया ३१ टक्क्यांनी महाग" असे लिहिले असते, तर गल्लीत चर्चा झाली असती. १३ ग्रॅमची घट मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसली नाही.

भाव वाढविणे हा गुन्हा नव्हे

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. इस्लामने भाव वाढविण्यास सरसकट मनाई केलेली नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार मदीनेत एकदा भाव चढले. लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि भाव बांधून देण्याची विनंती त्यांनी केली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. भाव चढविणारा व उतरविणारा अल्लाहच आहे. आपल्या प्रभूला भेटताना कोणाच्याही प्राणाबद्दल वा संपत्तीबद्दल अन्यायाची फिर्याद आपल्यावर नसावी, हीच आपली इच्छा आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पीक बुडते, वाहतूक महागते, मजुरी वाढते. अशा वेळी व्यापाऱ्याला तोट्यात विकण्याची सक्ती करणे हाही जुलूमच ठरेल. साठेबाजी करून कृत्रिम टंचाई निर्माण करणे निषिद्ध आहे. पण खर्च वाढला म्हणून उघडपणे दोन रुपये जास्त मागणे निषिद्ध नाही.

मग आक्षेप कशावर आहे? आक्षेप लपविण्यावर आहे. शरीअतने किंमतीला हलण्याची मोकळीक दिली आणि मापाला मात्र जागेवर खिळवून ठेवले. आजचा बाजार नेमके उलटे करतो. तो किंमत खिळवून ठेवतो आणि मापाला हलवितो.

चौदाशे वर्षांत न बदललेले माप

आपल्या घरातलेच उदाहरण पाहा. दरवर्षी रमजानच्या अखेरच्या दिवसांत मशिदीत सदका-ए-फित्रची रक्कम जाहीर होते. गेल्या वर्षीची रक्कम यंदा चालत नाही. असे का? कारण फित्रा रुपयांत ठरलेलाच नाही. तो मापात ठरलेला आहे. प्रेषितांच्या (स.) काळात खजूर किंवा जव यांचा एक साअ दिला जात असे. हनफी घरांत गव्हाचा अर्धा साअ धरतात, तर कोकणातील शाफई घरांत मुख्य अन्नधान्याचा एक साअ. गहू-तांदूळ महागले की रक्कम वाढते, स्वस्त झाले की उतरते. गरिबाच्या पदरात पडणारे धान्य मात्र तेवढेच राहते. रक्कम तीच ठेवून मापच थोडे आवळून घ्यावे, असा विचार गेल्या चौदाशे वर्षांत कोणाही इमामाने मांडला नाही. तसे झाले असते, तर ईदच्या सकाळी गरिबाच्या चुलीवरचे भांडे दरवर्षी थोडे थोडे रिकामे होत गेले असते आणि त्याला त्याचे कारणही कळले नसते.

जकातीचा निसाबही तसाच आहे. साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी. त्यांची किंमत दररोज बदलते, वजन बदलत नाही. प्रेषितांनी (स.) मदीनावासीयांसाठी दुआ केली, तेव्हा त्यांच्या साअ आणि मुद या मापांतही बरकत मागितली. यावर क्षणभर विचार करा. बरकतीची याचना मापासाठी झाली. जेथे माप पूर्ण भरते, तेथे बरकत उतरते. ज्या मापातूनच कोणी हात मारला, त्यात बरकत शोधणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

पावसात भिजलेले धान्य

यावर कारखानदार म्हणेल, "आम्ही वजन छापले आहे. कायद्याने सांगितलेली अक्षरे पाकिटावर आहेत. वाचण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. मग फसवणूक कोठे झाली?"

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर मदीनेच्या बाजारात शोधले पाहिजे. प्रेषित (स.) एकदा धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. हे काय, असे विचारता विक्रेत्याने सांगितले की पावसात भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग हे भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि जो फसवितो तो आपल्यातील नव्हे, असा कठोर इशारा त्यांनी दिला.

वाचकहो, या प्रसंगात पाऊस विक्रेत्याने पाडलेला नव्हता. त्याने धान्यात पाणी ओतले नव्हते. त्याचे नुकसान खरे होते आणि ते त्याच्या हातून झालेले नव्हते. तरीही त्याला दोष देण्यात आला. कारण त्याने ओले खाली दडविले आणि कोरडे वर मांडले. तेलाचा भाव, डिझेलचा भाव, मैद्याचा भाव हा आजच्या व्यापाऱ्यावर पडलेला पाऊसच आहे. त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. प्रश्न तोच आहे, जो मदीनेच्या बाजारात विचारला गेला: भिजलेले वर का ठेवले नाही? पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत "आता १३ ग्रॅम कमी" असे का छापले नाही? वजन वाढले असते, तर "२० टक्के अधिक" ही अक्षरे चमकत्या शाईत छापली गेली असती. वाढ वर आणि घट खाली, यालाच ओल्यावर कोरडे पसरणे म्हणतात.

दुसरे एक उदाहरण हदीसमध्ये येते. काही लोक उंटीण किंवा शेळी विकण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिची धार काढत नसत. कास दुधाने टम्म फुगे आणि गिऱ्हाइकाला वाटे की जनावर मोठे दुधाळ आहे. प्रेषितांनी (स.) ही रीत मना केली आणि अशा गिऱ्हाइकाला जनावर परत करण्याचा हक्क दिला. विक्रेत्याने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. खोटे बोलत होती ती फुगलेली कास. पाकिटात माल कमी करून बाहेरचा आकार तसाच ठेवला जातो, तेव्हा ते पाकीटही असेच बोलत असते. नाजूक वेफर चुरू नयेत म्हणून काही पाकिटांत हवा भरावी लागते, हे खरे आहे. पण माल घटला आणि तितकीच हवा वाढली, तर ती हवा वेफरच्या रक्षणासाठी नव्हे, गिऱ्हाइकाच्या समजुतीसाठी भरलेली असते.

ज्या पाकिटावर खरे वजन छापले आहे, त्या प्रत्येक सौद्याला हराम ठरविणे हे आमचे काम नाही. तो निवाडा उलेमांचा आहे. परंतु कायद्याच्या तावडीतून सुटणे आणि अल्लाहसमोर निर्दोष ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे कोणताही श्रद्धावंत जाणतो.

मदयनच्या बाजारपेठेतून

पवित्र कुरआनने माप आणि वजन हा विषय किती गांभीर्याने घेतला आहे, हे हजरत शुऐब (अलै.) यांच्या वृत्तान्तावरून ध्यानात येते. एका अल्लाहची भक्ती करा, या आवाहनाच्या लगोलग त्यांनी मदयनवासीयांना माप व वजन पूर्ण देण्याचा आणि लोकांच्या वस्तूंत घट न करण्याचा उपदेश केला. ते लोक उपाशी नव्हते. सूरह हूदमध्ये शुऐब (अलै.) त्यांच्या सुस्थितीचा उल्लेख करतात. म्हणजे ते गरजेपोटी नव्हे, सवयीने काटा मारीत होते.

त्यांचे उत्तर मात्र आजच्या काळात दिल्यासारखे वाटते. आमच्याच मालमत्तेचा आम्हांला हवा तसा व्यवहार करू नये, हे काय तुमची नमाज तुम्हांला शिकविते, अशा अर्थाची थट्टा त्यांनी केली. नमाज मशिदीत, व्यापार बाजारात. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हाच तो जुना प्रश्न. शुऐब (अलै.) यांचे उत्तर असे की ज्या गोष्टीपासून मी तुम्हांला रोखतो ती स्वतः करण्याची माझी इच्छा नाही, मला केवळ सुधारणा हवी आहे. आणि प्रामाणिक व्यवहारानंतर अल्लाहच्या कृपेने जे शिल्लक राहील, तेच तुमच्यासाठी उत्तम आहे, हेही त्यांनी बजावले.

कुरआनमधील ८३ व्या सूरहचे नावच अल-मुतफ्फिफीन आहे. घेताना माप पूर्ण भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांच्या विनाशाच्या घोषणेने ती सुरू होते. मुतफ्फिफ हा शब्द ज्या मुळापासून आला, त्यात क्षुल्लक, किरकोळ असा अर्थ आहे. म्हणजे येथे दरोडेखोराविषयी बोलले जात नाही. चिमूटभर उणे देणाऱ्याविषयी बोलले जात आहे. माणूस म्हणेल, तेरा ग्रॅमने काय होते? कुरआन त्या तेरा ग्रॅमांनाच हाक मारून उभे करतो. एका पाकिटात चिमूटभर असलेली घट लक्षावधी पाकिटांत डोंगराएवढी होते. त्यात रोजंदारीवरचा मजूर असतो, अक्षरओळख नसलेली आजी असते आणि पाच रुपयांचे नाणे मुठीत धरून आलेले पोर असते. कयामतच्या दिवशी हे सारे आपापला हक्क मागायला उभे राहतील.

आपल्या गल्लीतील काटा

प्रिय बंधूंनो, इथवर वाचताना मोठ्या कंपन्यांवर बोट दाखविणे सोपे वाटले असेल. आता ते बोट थोडे वळवू या. आपल्यापैकी कितीतरी जण बेकरी, किराणा, मटणाचे दुकान, हॉटेल, दूध या धंद्यांत आहेत. पाकिटावर निदान वजन छापलेले असते. पावाच्या लादीवर काय छापलेले असते? मैदा महागला की भट्टीवर भाव वाढविण्याऐवजी गोळा थोडा लहान तोडला जातो. लादीतले पाव मोजून तेवढेच, दरही तोच. पाव मात्र हलका. चहाचा ग्लास तोच, त्याचा तळ जाड होतो. बिर्याणीची हंडी "एक किलो"ची म्हणून जाते, पण किलो तांदळाचा की शिजलेल्या भाताचा, हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. येथे छापलेले अक्षर नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच वजन आहे. म्हणून येथील अमानत कंपनीच्या अमानतीहून भारी आहे.

बेकरीवाल्या बंधूने काय करावे? दोन मार्ग आहेत आणि दोन्ही हलाल आहेत. गोळा तेवढाच ठेवून लादीमागे दोन-तीन रुपये वाढवावेत, किंवा गोळा लहान करावा आणि काउंटरवर पाटी लावावी, "मैद्याचा भाव वाढल्यामुळे आजपासून पावाचे वजन कमी केले आहे." काही गिऱ्हाइके दुसरीकडे जातील, ही भीती खरी आहे. परंतु विकणारा व घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले, तर सौद्यात बरकत येते, लपविले आणि खोटे बोलले, तर बरकत पुसली जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. रोजी देणारा गिऱ्हाईक नव्हे, अल्लाह आहे, यावरील आपल्या ईमानाची परीक्षा मशिदीच्या सफेत नव्हे, या पाटीवर होते.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड तो दोष सांगण्याचे विसरून विकले. घेणारा कोण हेही आठवेना. तेव्हा त्या मालाची सारी रक्कम इमामांनी दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. विसरून झालेल्या चुकीची ही किंमत त्यांनी मोजली. आपण तर ठरवून गोळा लहान तोडतो.

घेणाऱ्याचे कर्तव्य

घेणाऱ्यानेही डोळे मिटून घेऊ नयेत. हिब्बान नावाचे एक सहाबी सौद्यात वारंवार फसत. प्रेषितांनी (स.) त्यांना शिकविले की सौदा करताना फसवणूक चालणार नाही, असे म्हणत जा. म्हणजे साध्या माणसाने आपला हक्क तोंडाने मागावा, ही शिकवण आहे. आज तो हक्क कायद्यानेही दिला आहे. २००९ च्या वैधमापन शास्त्र कायद्याखाली २०११ साली नियम झाले आणि त्यांनुसार पाकिटावर निव्वळ वजन व कमाल विक्री किंमत छापावी लागते. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल अशा काही वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच विकावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा किलोला किती किंमत पडते, ती छापण्याची अट घातली. म्हणून पाकिटाच्या रंगाकडे न पाहता ही प्रतिग्रॅम किंमत पाहण्याची सवय लावा. मुलांना गणित म्हणून हाच हिशेब करायला द्या. छापल्याहून वजन कमी भरले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. फ्रान्समध्ये तर १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, घटलेल्या वजनाच्या मालाजवळ तशी सूचना लावणे बंधनकारक झाले आहे. धान्याचे भिजलेले दाणे वर ठेवा, हा मदीनेच्या बाजारातील आदेश चौदाशे वर्षांनी एका सरकारला कायदा म्हणून लिहावा लागला.

शेवटी, पुन्हा त्या स्वयंपाकघराकडे वळू या. ज्या घरात महिनाअखेरीस सुनेवर संशय घेतला गेला, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा जुने आणि नवे पाकीट शेजारी ठेवून पाहावे. चूक आपली असेल, तर तिला तसे सांगावे. वाईट संशयापासून दूर राहण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे आणि बोललेल्या शब्दाचेही वजन त्या दिवशी होणार आहे. दुकानातील काटा आपण तपासला. जिभेचा काटाही तपासायला हवा. मजुराला पूर्ण दिवस राबवून अर्ध्या दिवसाचे दाम देणारा, पूर्ण पगार घेऊन अर्धा वेळ काम करणारा, स्वतःच्या चुकीला शेराने आणि दुसऱ्याच्या चुकीला मणाने मोजणारा, हे सारे एकाच मापाचे धनी आहेत.

हे अल्लाह, आमच्या मापात आणि आमच्या घरात बरकत दे. घेताना जसे पूर्ण घेतो, तसे देताना पूर्ण देण्याची सद्बुद्धी आम्हांला दे. ज्याचे आम्ही चिमूटभरही उणे दिले असेल, त्याचा हक्क या जगातच परत करण्याची हिंमत दे, आणि ज्या दिवशी तुझा तराजू उभा राहील, त्या दिवशी आमचे पारडे हलके पडू देऊ नकोस. आमीन.